कुलपातला समुद्र

१

"ताई, घरात खून झालाय," आप्पा फोनवर म्हणाले. "आणि करणारी आत्ता स्वयंपाकघरात भांडी लावतेय. तू आधी ये."

आत्या आल्या. दाराची दोन कुलपं उघडली, त्या आत शिरल्या, आणि त्यांनी चप्पल काढेपर्यंत दोन्ही कुलपं मागे पुन्हा लागली होती.

मयत दिवाणखान्यात होतं. भिंतभर लांब काचेच्या टाकीत, निळ्या दिव्याखाली, एक जांभळं प्रवाळ, झुडपासारखं फांद्याफांद्यांचं. सगळी टोकं पांढरी पडली होती, कुणी उदबत्तीचे चटके दिल्यासारखी. आजूबाजूला पिवळे मासे मजेत फिरत होते. मृत्युपत्रात आपलं नाव नाही हे आधीच ठाऊक असलेले नातेवाईक फिरतात तसे.

"हे तिने स्वतः निवडलेलं," आप्पा म्हणाले. 'तिने' म्हणजे त्यांच्या दिवंगत बायकोने. "आणलं तेव्हा बोटाएवढं होतं. तिच्या मागे मी वाढवलं. आणि आता..."

आप्पा आत्यांचे धाकटे भाऊ. जन्मभर सरकारी लिफ्ट-निरीक्षक. अडकलेल्या लिफ्टमधून माणसं बाहेर काढण्यात नोकरी गेली, आणि निवृत्त झाल्यावर त्यांनी घरच्यांना आत ठेवायला सुरुवात केली. समुद्राच्या पाण्याची टाकी म्हणजे तान्हं मूल, घरात कायम कुणीतरी हवं, हा त्यांचा नियम. खिडक्यांना कुलपं, काचांवर कागद, फटींवर चिकटपट्टी. खिडक्यांची किल्ली त्यांच्या गळ्यात; दाराची कुलपं तेवढी आतून हाताने उघडत.

"मला पाण्यातलं काही कळत नाही," आत्या म्हणाल्या. "मी विमा कंपनीत..."

"कळायची गरज नाही. तू दाव्यांच्या चौकशा करायचीस ना, तशीच कर." आप्पांना दुसऱ्याचं वाक्य संपेपर्यंत थांबवत नसे, लहानपणी ते आत्यांचे पाढेसुद्धा मधूनच तोडून स्वतः पुरे करायचे. त्यांनी भिंतीवरच्या डबीकडे बोट दाखवलं. डबीत हिरवा आकडा चमकत होता. "हा पीएच. पाणी आंबटाकडे झुकतंय की उलट बाजूला, ते हा सांगतो. समुद्राचा आठ पॉइंट दोन. सोमवार, बुधवार, शुक्रवार मी दुपारी गुडघ्याच्या व्यायामाला जातो. जाताना आकडा ठीक. परत येतो तर सात पॉइंट आठ, आणि डबी बोंबलतेय! मंगळवारी पडत नाही. गुरुवारी नाही. रविवारी मी घरात, तर नाही. सून घरात एकटी असली की पडतो. आता बोल."

मग त्यांनी कपाटाआडून एक बाटली काढली. व्हिनेगर. तळ दिसत होता.

"नुकतीच आणलेली. या घरात आंबट कोण खातं? उद्या संध्याकाळच्या गाडीने तिने माहेरी जायचं. मुलाचं जहाज बंदराला लागलं की त्याला मी पुराव्यासकट सांगणार. तू फक्त कबुली घे."

"आणि नाही दिली तर?"

"देईल." आप्पांचा आवाज खाली आला. "काल मी तोंडावर विचारलं. ताई, ती 'नाही' म्हणाली नाही."

२

सून ताटल्या पुसत होती. पुसून झालेली ताटली ती पुन्हा पुसत होती.

"मी टाकीत काही ओतलेलं नाही," ती म्हणाली.

"मग तसं सांगायचं आप्पाला."

"सांगितलं की ते विचारणार, मग दुपारी काय करत होतीस? तिथे मला गप्प बसावं लागणार. म्हणून मी आधीच गप्प बसले. तेवढाच एक प्रश्न वाचला."

आत्यांना हसू आलं. मनातल्या हिशेबात त्यांनी सुनेच्या नावावर एक गुण जमा केला आणि एक लगेच वजा केला. जमा हुशारीबद्दल, वजा, दुपारी काहीतरी होतं याबद्दल.

"व्हिनेगर कुठे गेलं?"

"पंपांवर. पांढरा थर चढतो, दगडासारखा. व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवले की सुटतो. पूर्वी वर्षातून एकदा करायचे. हल्ली आठवडाभरात पंप पुन्हा घरघरायला लागतात." तिने हात दाखवले. बोटांची कातडी सोलवटली होती. "हे आप्पांना दिसत नाही. बाटली दिसते."

"तू नोकरी करायचीस ना?"

"हॉस्पिटलात. अडखळत बोलणाऱ्यांना शिकवायचे. श्वास कसा घ्यायचा, शब्दाला कसा हात घालायचा. मग सासूबाई गेल्या, आणि घरात कुणीतरी हवं. वीज गेली तर? पंप थांबला तर? पाणी सांडलं तर?" ती आप्पांच्या सुरात म्हणाली, नक्कल हुबेहूब होती. मग तिचा स्वतःचा आवाज परत आला. "नवऱ्याचं जहाज दोनदा बंदराला लागलं, आत्या. तासाभराचा प्रवास. मी दोन्ही वेळा फोनवरच भेटले. एकदा चिडून बोलून गेले, ही टाकी फुटेल तेव्हाच मी सुटेन. ते आप्पांनी ऐकलं."

दारामागे तिची बॅग तयार होती. पट्टे आवळलेली, चेन बंद.

"कुणाला वाचवतेयस तू?" आत्यांनी अचानक विचारलं.

सुनेने ताटली जागेवर ठेवली. "भांडी झाली," ती म्हणाली आणि दिवा बंद केला.

आत्या दिवाणखान्यात जाऊन बसल्या. आप्पा जवळच काहीतरी वाचत होते, एसी घुमत होता, टाकीखालून फेस उसळल्याचा आवाज येत होता. थोड्या वेळात आत्यांचं कपाळ ठणकायला लागलं. जांभई आली, मग दुसरी. वय, त्यांनी स्वतःला बजावलं. चष्मा पुसायला काढला तो हातातून निसटला. उचलायला त्या खाली वाकल्या, आणि तशाच वाकलेल्या राहिल्या.

गालिच्यावर खुणा होत्या. खुर्च्यांच्या पायांनी दाबून दाबून केलेले चार-चार खळगे. नऊ-दहा खुर्च्यांचे. आणि त्या खुर्च्या गोल मांडलेल्या असणार.

या घरात आप्पांची बायको गेल्यापासून एक पाहुणा आला नव्हता.

३

पाणी तपासायला दुपारीच मासेवाली आली. हे नाव तिला आप्पांनी दिलेलं; तिचं समुद्री माशांचं चांगलं मोठं दुकान होतं. ती आत आली ती बोलत, आणि काचेच्या नळ्या मांडतानाही तिचं बोलणं थांबलं नाही.

"काका, मी फोनवर काय म्हटलं होतं, त्या पुडीचा..."

"एकच डबा. अर्धा शिल्लक आहे. दाखवला ना तुला?" आप्पा म्हणाले आणि आडवे व्हायला आतल्या खोलीत गेले.

"बघितलंत मावशी? माझं अर्धं वाक्य अजून इथंच पडलंय." तिने नळीत थेंब टाकले. पाण्याचा रंग बदलायला हवा होता. ती थेंब टाकत राहिली. मग तिने शीळ घातली, आणि बोलणं पहिल्यांदा थांबलं.

"काय झालं?"

"क्षारता. म्हणजे पाण्यात क्षारांचा साठा किती, ते. आभाळाला पोचलीय." तिने प्रवाळाकडे हनुवटी केली. "टोकं जळतात ती यानेच. आंबट घातल्याने अशी जळत नाहीत. कुणीतरी पाण्यात घालतंय हे खरं, पण व्हिनेगर नाही. त्याच्या उलटं."

"पण आकडा तर आंबटाकडे पडतो."

"तेच तर! आणि पडतो केव्हा, भर दुपारी. दिवे चालू असले की आकडा चढायला हवा, प्रवाळ उजेडात काम करतं. पडायचाच तर पहाटे पडावा. माझं तर डोकंच चालेना."

म्हणजे दोन हात, आत्यांनी मनात मांडलं. एक खाली ओढणारा, दुसरा वर ढकलणारा. आणि दोघांनाही एकमेकांचा पत्ता नाही, किंवा आहे.

"तुझा यात फायदा? मेलेल्या प्रवाळाच्या जागी नवीन तूच विकणार."

"मावशी, गिऱ्हाईक मारून दुकान चालतं होय? हे काका मला दर आठवड्याला छळतात, तेवढ्यावर माझं घर चालतं." ती हसली. टाकीखालचं कपाट उघडून तिने आत हात घातला. उंच नळकांड्यात पांढरा फेस उसळत होता. "हे आहे म्हणून टाकी अजून जिवंत आहे. पाण्यातली घाण फेसाबरोबर वर काढतं. हे बघा, नाक." तिने एक बारीक रबरी नळी दाखवली. आत्यांनी टोकाशी बोट धरलं. बोट आत ओढलं गेलं. "दिवसभर खोलीतली हवा ओढतं आणि पाण्यात घुसळतं."

बाजूचा हीटर पांढराफटक होता. पाणी तापवायच्या जुन्या किटलीच्या तळाला चढतो तसा थर.

नळ्या धुऊन पिशवीत भरताना मासेवाली एकदम कुजबुजली. "मी सांगितलं म्हणून सांगू नका. गेल्या शुक्रवारी मी मिठाची पोती द्यायला आले होते. लिफ्ट बंद होती. जिन्यात खालचे वकील भेटले. याच मजल्यावरून उतरत होते."

"मग?"

"अनवाणी. बूट हातात होते."

४

खालच्या मजल्यावरच्या वकिलांच्या छतावर एक डाग होता, कडेने पांढरा मिठाचा वेलबुट्टीदार काठ असलेला. टाकी एकदा भरून वाहिली होती त्याची ही खूण. आप्पांनी माफी मागितली नव्हती. वकिलांनी नोटीस पाठवली होती. तेव्हापासून दोन्ही घरांत बोलणं बंद. हेतू हवा असेल तर तो डोक्यावरच लटकत होता.

वकील जमिनीच्या कागदपत्रांचं काम करायचे. कोर्टात उभे राहत नसत, असं वरचे लोक सांगायचे. गर्विष्ठ आहेत, जिन्यात नमस्कारालाही उत्तर देत नाहीत, हेही.

"शुक्रवारी तुम्ही वर गेला होतात?" आत्यांनी बसायच्या आधीच विचारलं.

वकिलांनी टेबलावरचा कागद ओढला, दोन शब्द लिहिले आणि पुढे सरकवला. 'बांधील नाही.'

"हस्ताक्षर सुरेख आहे. पण मला कान आहेत हो अजून."

त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. उजव्या हाताचा अंगठा गुडघ्यावर हलकेच आपटू लागला. एक, दोन. छाती हलली नाही, पोट मात्र फुगलं आणि बसलं.

"तिला उद्या घरातून काढतायत," आत्या म्हणाल्या. "बॅग भरून ठेवलीय तिने. तुम्हाला काही माहीत असेल तर आज सांगा."

अंगठा थांबला. वकील उठले. "तिने," ते म्हणाले. मग मोठा खंड. "काही. केलं. नाही."

"तुम्हाला कसं ठाऊक?"

त्यांचं तोंड उघडलं. जबडा ताठरला, मानेवरची शीर वर आली, डोळे आत्यांवरून छतावरच्या डागाकडे गेले. काहीच बाहेर आलं नाही. त्यांनी चालत जाऊन दार उघडलं आणि ते धरून उभे राहिले.

जिना चढताना आत्या मध्येच थांबल्या. आयुष्यभर त्यांनी खोटी माणसं ऐकली होती. जळलेल्या गोदामांचे मालक, बुडालेल्या होड्यांचे धनी. खोटं बोलणाऱ्याला शब्द शोधावे लागत नाहीत. तो घरूनच तयार करून आणतो.

आणखी एक गोष्ट त्यांच्या लक्षात आली. त्यांचं डोकं दुखायचं थांबलं होतं. केव्हा? आप्पांच्या दाराबाहेर पडल्यावर. त्या वर गेल्या, आत शिरल्या, दोन्ही कुलपं लागली, आणि खुर्चीत बसून थोड्याच वेळात कपाळ पुन्हा ठणकू लागलं.

त्या ताठ बसल्या. मग हळूच उठून त्यांनी टाकीखालच्या कपाटात, मिठाच्या पोत्यांच्या मागे, कोपरापर्यंत हात घातला.

हाताला पुडीचे डबे लागले. रिकामे. एक, दोन, तीन, चार. झाकणांवर दुसऱ्याच दुकानाची चिठ्ठी होती.

५

"खिडक्या कधीपासून बंद आहेत?" आत्यांनी सकाळी विचारलं.

"समोरच्या इमारतीला रंग लावायला घेतला तेव्हापासून. त्या वाफा पाण्यात गेल्या तर सगळं..."

"संपलं," आत्यांनी त्यांचं वाक्य पुरं केलं. आप्पांना ते आवडलं नाही. "आणि हे आकड्याचं नाटकही तेव्हापासूनच?"

"साधारण. तिला तेव्हापासूनच संधी मिळाली."

"आज व्यायामाला जाऊ नकोस. दुपारी सगळ्यांना इथे बोलवायचं. मासेवाली, खालचे वकील..."

"तो माणूस माझ्या घरात पाय ठेवणार नाही!"

"ठेवेल. आणि समोरच्या बिऱ्हाडातली चार माणसं, साक्षीदार म्हणून. चौकशी नीट व्हायला हवी ना?"

'साक्षीदार' शब्दाने आप्पा खूश झाले. "म्हणजे सगळ्यांसमोर कबुली देणार ती?"

"कबुली मिळेल," आत्या म्हणाल्या. "कुणाची, ते टाकी सांगेल."

दुपारी त्यांनी खुर्च्या स्वतः मांडल्या. प्रत्येक खुर्चीचे पाय गालिच्यावरच्या खळग्यांत बरोबर बसवले. सून पाण्याचा तांब्या घेऊन आली, तिने ते वर्तुळ पाहिलं, आणि तांब्या दारातच खाली ठेवला.

"आत्या, नको," ती हळूच म्हणाली. "मी जाते. गाडी आहे ना संध्याकाळी. मी जाते."

"बस," आत्या म्हणाल्या.

वकील सगळ्यात शेवटी आले. सुनेच्या समोरची खुर्ची त्यांनी निवडली, की सवयीने तिकडे गेले, ते त्यांनाच ठाऊक. मागे दोन कुलपं लागली.

६

आत्यांनी सुरुवात केली ती एका जळलेल्या कापूस-गोदामापासून.

तिथून त्या एका चोरीला गेलेल्या बैलगाडीवर गेल्या, तिथून बुडालेल्या होडीवर, होडीवरून मोडलेल्या खुब्याच्या हाडावर. समोरच्या बिऱ्हाडातले आजोबा पेंगले. मासेवालीने चार जांभया मोजून दिल्या. आप्पा दोनदा उसळले, "ताई, मुद्द्यावर ये!" आणि दोन्ही वेळा आत्यांनी त्यांना नवीन मुद्द्यावर नेलं. आप्पा, सून, मासेवाली, वकील, चार साक्षीदार आणि आत्या. नऊ माणसं, एक बंद खोली. कुणाला उठू द्यायचं नाही, हा आत्यांचा एकच नियम. सगळ्यांचे चेहरे तांबूस झाले. कुणीतरी गळ्याचं बटण सोडलं. सून मांडीवर हात घट्ट धरून बसली होती; तिची नजर पुन्हा पुन्हा बॅगेकडे जात होती.

होडीवाल्याची दुसरी बायको साक्षीला उभी राहिली, आणि डबी किंचाळली.

सगळे दचकून उठले. आकडा लाल होता. सात पॉइंट आठ.

"टाकीजवळ कोण गेलं होतं?" आत्यांनी विचारलं.

कुणीच नाही. सगळ्यांना तेच दिसलं होतं.

"सून?"

"तुझ्यासमोर बसलीय," आप्पा कसेबसे म्हणाले.

"व्हिनेगरची बाटली?"

"माझ्या... माझ्या कपाटात. कुलपात."

"छान. मासेवाली, टाकीतलं पाणी पेल्यात घे, आणि तुझं ते पीएच मोजायचं पेन लाव."

पेन म्हणालं, सात पॉइंट आठ. मासेवालीने पिशवीतून हवेचा छोटा पंप काढला, आणि पेला, पंप घेऊन सगळी वरात जिन्यातल्या उघड्या खिडकीपाशी गेली. पेल्यात बुडबुडे सुटले. सगळे वाट पाहत उभे राहिले आणि न कळत मोठमोठे श्वास घेऊ लागले. आजोबांची पेंग उडाली.

पेन सात पॉइंट नऊवर गेलं. मग आठवर. मग आठ पॉइंट एक.

"पाणी तेच," आत्या म्हणाल्या. "पाण्यात कुणी आंबट ओतलं असतं तर ते पेल्याबरोबर बाहेर आलं असतं. ते काही आत खोलीत थांबलं नसतं. बदललं काय? हवा. आप्पा, माणूस श्वास सोडतो तो वायू पाण्यात विरघळला की पाणी आंबटाकडे जातं. खोली बंद, फटींना पट्ट्या, एसी तीच हवा फिरवतोय, आणि टाकीचं ते नाक तीच हवा पाण्यात घुसळतंय. माझं डोकं इथे आल्यापासून दुखतंय ते वयाने नाही. मी आणि तुझं प्रवाळ, आम्ही दोघं एकच हवा खात होतो."

"पण प्रवाळ मेलं ना!"

"ते याने नाही मेलं." सगळ्यांना पुन्हा आत नेऊन त्यांनी कपाटातून चार रिकामे डबे काढून टेबलावर एकावर एक रचले. "आकडा पडला की तू त्याला वर ढकलणारी ही क्षाराची पूड टाकायचास. आकडा वर यायचा, पुन्हा पडायचा, तू पुन्हा टाकायचास. मासेवाली तुला रागवेल म्हणून दुसऱ्या दुकानातून आणलीस. आकड्यामागे धावत तू पाण्यात इतका क्षार ओतलास की टोकं जळली. उरलेला क्षार हीटरवर आणि पंपांवर दगड होऊन बसला. तो दगड काढायला तुझ्या सुनेने व्हिनेगर संपवलं, हात सोलवटून घेतले. बाटली तिने रिकामी केली खरी. रिकामी करायला तू लावलीस."

"काका, मी तेच सांगत होते," मासेवाली म्हणाली, "पुडीचा एकच चमचा, आणि तोही..."

पण आप्पांनी यावेळी तिला तोडलं नाही. ते डब्यांकडे बघत होते. मग त्या जांभळ्या झुडपाकडे. त्यांचा हात गळ्यातल्या किल्लीवर गेला आणि तिथेच राहिला.

आणि मग, कोंडीत सापडलेला माणूस करतो तेच त्यांनी केलं. सुनेकडे वळले.

"ठीक आहे. मी मारलं. पण आकडा पाडायला नऊ-दहा माणसं लागतात, हे आत्ताच सिद्ध झालं. सोमवारी, बुधवारी, शुक्रवारी माझ्या घरात, माझ्या पाठीमागे, कोण येत होतं? सांग. आत्ता सांग. नाहीतर गाडी आहेच."

सुनेने आत्यांकडे पाहिलं. आत्यांना उत्तर कालपासून ठाऊक होतं. पण ते त्यांचं नव्हतं, म्हणून त्यांनी ते दिलं नाही.

सुनेने उठून बॅगेचा पट्टा हातात घेतला.

७

"म," कुणीतरी म्हणालं. "म... म..."

वकील उभे होते. दोन्ही मुठी आवळलेल्या.

"मागच्या नोटिशीचं इथे काय..." आप्पा सुरू झाले.

"आप्पा!" आत्यांचा आवाज इतका चढला की समोरचे आजोबा पुन्हा बसले. "वाक्य त्यांचं आहे. त्यांनाच संपवू दे."

डबी अजून कण्हत होती. सुनेने बॅग खाली ठेवली, वकिलांच्या नजरेसमोर हात धरला, आणि तळवा हळूच खाली आणला. श्वास. मग अंगठा. एक, दोन.

"म... मी येत होतो," वकील म्हणाले. "आम्ही. आठ जण. अ... अडखळणारे. एक शिक्षिका आहे. एक बस-कंडक्टर. मी व... वकील." त्यांना हसू फुटलं, कडू नव्हे, जरा आश्चर्याचं. "बोलता न येणारा. आमच्यात ठरलं होतं, क... कुणाला कळू द्यायचं नाही. तिने शब्द दिला होता. म्हणून ती गप्प. ब... बूट मी हातात घ्यायचो. तुमच्या गालिच्यावर... डाग पडू नये म्हणून."

बराच वेळ गेला ते बोलायला. आप्पांच्या ओठांपर्यंत तीनदा शब्द आले, आणि तिन्ही वेळा आत्यांच्या डोळ्यांकडे बघून त्यांनी ते गिळले. वकील खाली बसले. घामाने त्यांचा सदरा पाठीला चिकटला होता. कोर्टात कधी न उभा राहिलेला माणूस नऊ जणांच्या खोलीत एकीची बाजू लढवून जिंकला होता.

"श्वास घ्यायला शिकवतेस तू यांना," आप्पा सुनेला म्हणाले. "या खोलीत."

"दुसरी मोठी खोली नाही, आप्पा. आणि घराबाहेर मला जाता येत नव्हतं."

आप्पांनी गळ्यातली किल्ली काढली. खिडकीपाशी गेले, कागद फाडला. समोरची इमारत पिवळी, कोरडी, चकचकीत उभी होती. परांची कधीच उतरली होती. कुणी बघितलंच नव्हतं.

किल्ली फिरेना. खाऱ्या दमट हवेने कुलूप आतून गंजून गेलं होतं. त्यांनी जोर लावला, किल्ली वाकली. मासेवाली म्हणाली हातोडी आणा. आजोबा म्हणाले काच फोडा. आप्पा आत गेले आणि नोकरीतली जुनी चामड्याची थैली घेऊन आले. गुडघ्यावर हात टेकत वाकले, एक चपटी पट्टी फटीत सरकवली आणि कान फळीला लावला. कितीतरी लिफ्टच्या दारांना त्यांनी असाच कान लावला होता, आणि आत कोंडलेल्यांना दर वेळी तेच एक वाक्य ऐकवलं होतं. आत्ता समोर कुणी नव्हतं. तरी ते सवयीने तोंडातून आलंच.

"घाबरू नका. उघडतोय."

कुलूप तुटून खाली पडलं. हवा आत आली, डब्यांवरची चिठ्ठी फडफडली, आणि थोड्या वेळाने भिंतीवरची डबी आपणहून गप्प झाली.

सुनेने बॅग उचलली ती गाडीची वेळ झाल्यावर. आप्पा दारात उभे होते. दोन्ही कुलपं उघडी होती.

"माहेरी..." ते म्हणाले, आणि स्वतःच थांबले.

"बंदरावर," ती म्हणाली. "उद्या सकाळी त्याचं जहाज लागतंय. टाकी तुम्ही बघाल. पूड घालायची नाही. खिडकी बंद करायची नाही. सोमवारी मी येईन, आणि दुपारी ती आठ माणसं येतील, आणि आप्पा, ती जेव्हा बोलतील ना, तेव्हा तुम्ही..."

तिने मुद्दाम खंड घेतला. आत्या भिंतीला टेकून गंमत बघत होत्या.

आप्पा थांबले. लिफ्ट वर आली, दार उघडलं, तरी थांबले.